विद्यापीठाचे जाबसाल

इ. स. १८५४ हे साल आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात वुडच्या खलित्याचे साल म्हणून ओळखले जाते. १९ जुलैच्या त्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापण्याचा मार्ग मोकळा केला, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डलहौसीच्या कारकिर्दीतील टपालाचा नवा कायदा अमलात आला, आणि पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर, अंतराचा कोणताही हिशेब न मांडता, मुलखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागले, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात सहसा कोणी नोंदवीत नाही. या दोन्ही हुकुमांच्या मसुद्यांत एकमेकांचा उल्लेख नव्हता. तरीही भिंतींपलीकडे जाऊन शिकवू पाहणाऱ्या विद्यापीठाची जी परंपरा पुढे निर्माण झाली, आणि जिच्या ताज्या टोकावर आज एखादी विद्यार्थिनी अक्कलकुव्याच्या बसस्थानकावर उभी राहून मोबाईलवरील ॲपमध्ये आपला धडा उघडते, त्या परंपरेचे मूळ या दोहोंच्या संगमात आहे, असे मला वाटते.

त्या परंपरेचा मागोवा घेताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. विद्यापीठाकडून विद्यार्थ्याकडे मजकूर रवाना करण्याचे साधन प्रत्येक पिढीला लाभले, आणि ते प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा अधिक वेगवान व अधिक स्वस्त झाले. विद्यार्थ्याकडून निघालेला प्रश्न शिक्षकापर्यंत पोहोचून त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या हाती परत पडावे, ही दुसरी वाट मात्र कोणत्याही साधनाने आपोआप मोकळी करून दिली नाही. ती जेथे मोकळी झाली तेथे कोणीतरी माणसे त्यासाठी बसविलेली होती.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी अस्तित्वात आले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, या तत्त्वावर. १८६२ साली पदवीधर झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांना घडविले ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या वर्गांनी. विद्यापीठाशी त्यांचा संबंध अर्ज, फी, आसनक्रमांक आणि निकाल एवढ्यापुरताच होता. पुढे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई मनोरा १८७८ साली उभा राहिला, तेव्हा विद्यापीठाला दृश्य रूप आले. परंतु रत्नागिरी वा धुळे येथील परीक्षार्थीच्या लेखी विद्यापीठ म्हणजे मुंबईतील एक दप्तरच राहिले. तेथे उत्तरपत्रिका जात आणि तेथून, वर्तमानपत्राच्या बारीक टाइपातून, फक्त क्रमांक परत येत. आपले कोठे चुकले हे विद्यार्थ्याला कळविण्याचा शिरस्ता त्या व्यवस्थेत नव्हता, आणि पुढील काळात निरनिराळ्या विद्यापीठांनी ज्यांना बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसू दिले, त्या नोकरदार मंडळींच्या वाट्यालाही बहुधा हाच एकतर्फी व्यवहार आला.

वस्तुतः याहून निराळी रीत इंग्लंडात तोवर सिद्ध झालेली होती. १८४० साली तेथे पेनी पोस्ट सुरू होताच आयझॅक पिटमन याने आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने दिलेला मजकूर लघुलिपीत उतरवून परत पाठवावयाचा, आणि पिटमनने त्यातील दोष दाखवून तो पुन्हा विद्यार्थ्याकडे धाडावयाचा, असा तो क्रम होता. टपालाने पुस्तके त्याच्या आधीही जात असत. त्याचे नावीन्य तपासून परत पाठविलेल्या कागदात होते. साधन एक पेनीचे, परंतु अध्यापन पुरे, असे त्या उपक्रमाचे वर्णन करता येईल.

आपल्याकडे घराच्या उंबऱ्याशी विद्यापीठ नेण्याचा विचार ज्यांनी पहिल्याने गंभीरपणे केला त्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांच्या मनात ही कल्पना रुजली, १९१६ साली पुण्यात त्यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले, आणि १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी देऊ केलेल्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे त्याला आजचे नाव मिळाले. कर्व्यांनी देशी भाषेला शिक्षणाचे माध्यम केले ही त्यातली माझ्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. ज्या स्त्रीला इंग्रजीची सात-आठ वर्षांची पूर्वतयारी करण्यास सवड नाही, तिच्यासाठी इंग्रजीतून शिकविणारे विद्यापीठ शेजारच्या वाड्यात उघडले तरी ते सातासमुद्रांपलीकडेच राहते, हे त्यांनी ओळखले होते. आज शैक्षणिक ॲपांच्या पहिल्याच पडद्यावर इंग्रजी सूचनांची रांग दिसते, चूक झाली तर खुलासाही इंग्रजीतच उमटतो, आणि ग्रामीण विद्यार्थी पुढे काय दाबावे ते न उमजून शेजारच्याला विचारतो, तेव्हा कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडविलेला प्रश्न आपण पुन्हा बांधून ठेवला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

यानंतर ज्या प्रसंगापाशी थोडे थांबणे अवश्य आहे तो विद्यापीठात घडला नाही, तर खेड्यांतल्या चावड्यांवर आणि शाळांच्या ओट्यांवर घडला. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील पंधरा-वीस मंडळींनी एकत्र बसून ऐकावे, ऐकून झाल्यावर आपसात खल करावा, आणि मंडळाच्या चिटणिसाने त्या चर्चेचा वृत्तान्त व निघालेले प्रश्न लिहून पुण्यास पाठवावेत, अशी योजना होती. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरे दिली जात. शेणखताच्या खड्ड्याविषयी किंवा बियाण्याविषयी आपल्या गावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रेडिओतून येते, हे पाहिलेल्या माणसाची त्या पेटीकडे पाहण्याची दृष्टी किती पालटली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले, आणि ते करताना एक फार शहाणपणाची गोष्ट केली. मंडळे असलेल्या गावांची तुलना तिने रेडिओ नसलेल्या गावांशी तर केलीच, पण रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांशीही केली. मंडळांच्या गावांतील लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेच कार्यक्रम ऐकू येत असूनही फरक फारच थोडा पडला होता. या निष्कर्षाच्या बळावर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. दूरस्थ शिक्षणाविषयी आपल्या भूमीवर झालेला इतका स्वच्छ प्रयोग मला दुसरा ठाऊक नाही. आणि शैक्षणिक ॲप खरेदी करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाच्या कुलसचिवाने तो आपल्या मेजावर ठेवावा, असे मी अगदी मनापासून सुचवितो.

विद्यापीठांच्या प्रांतात टपालाचा प्रवेश झाला तो दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली त्यासाठी स्वतंत्र संचालनालय उघडले. गिरणीतला बदली कामगार, रेल्वेतला कारकून, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, यांना पदवीची वाट त्यामुळे खुली झाली, आणि हे कार्य लहान नव्हते.

बुक पोस्टाने येणाऱ्या त्या पाकिटाचे स्वरूप ज्यांनी हाताळले त्यांना आठवत असेल. पातळ, बदामी कागदाच्या पुस्तिका, कोपऱ्यात टाचण्या मारलेल्या, काही छापील तर काही चक्रमुद्रित, अक्षरांची शाई मागच्या पानावर उतरलेली; पहिल्या पानावर विषय, घटकाचा क्रमांक आणि लेखकाचे नाव; अखेरच्या पानावर चार किंवा पाच प्रश्न, आणि त्यांची उत्तरे लिहून अमुक तारखेच्या आत पाठवावीत ही सूचना. ही उत्तरे तपासून, समासात लाल शाईने शेरे लिहून, परत धाडली जावीत, हाच त्या योजनेचा प्राण होता. पण पाकिटे सत्र अर्धे सरल्यावर येत, उत्तरे पाठविणे पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक मानले जाई, पाठविलेली उत्तरे परीक्षा होऊन गेल्यावर परत येत, आणि तपासणीसाचा शेरा अनेकदा ‘ठीक’ या एका शब्दापलीकडे जात नसे. हळूहळू विद्यार्थ्यांनी प्रश्नांचे पान सोडून दिले आणि पुस्तिका तेवढ्या परीक्षेच्या आदल्या रात्री वाचण्यासाठी ठेवल्या. पत्रद्वारा शिक्षणाचे पत्र एकाच दिशेने जाऊ लागले.

ही उणीव ध्यानात घेऊनच मुक्त विद्यापीठांची उभारणी झाली. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली तेथे अध्यापन सुरू झाले. रात्री दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या त्याच्या व्याख्यानांची कीर्ती जगभर गेली, तरी त्याची खरी ताकद प्रत्येक विद्यार्थ्यामागे नेमलेल्या आणि त्याचे निबंध बारकाईने तपासणाऱ्या शिक्षकात होती. हैदराबादला १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, दिल्लीस १९८५ साली इंदिरा गांधींच्या नावाचे राष्ट्रीय विद्यापीठ झाले, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून आलेले होते. रूढ विद्यापीठाच्या भिंती आतून पाहिलेल्या माणसाने बाहेरच्या माणसासाठी रचलेली ती व्यवस्था होती. बारावी न झालेल्या प्रौढासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून तिने दाराची कडीच काढून टाकली, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मराठीतून शिकवून सार्थ करण्याचा यत्न केला.

या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे रविवारी भरलेली पाहावीत. तालुक्याच्या महाविद्यालयाचा तळमजला, बाकांवर अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, एस. टी.चे वाहक, बचत गटाच्या बाया आणि कुठे कुठे आई व मुलगी एकाच वर्गात. पिशवीतून काढलेले जाड पुस्तक, त्यात खुणेसाठी घातलेले बसचे तिकीट. आणि समोर समंत्रक. हा समंत्रक बहुधा त्याच महाविद्यालयातील प्राध्यापक असतो आणि आठवडाभर शिकवून थकलेला असतो, तरीही समोरच्या पन्नाशीच्या विद्यार्थ्याने ‘सर, हे सीमांत उपयोगितेचं काही डोक्यात शिरेना,’ असे म्हटले की तो फळ्याकडे वळतो आणि पोळ्यांचे उदाहरण घेऊन आकृती काढू लागतो. घरी लिहून आणलेले गृहपाठ येथेच जमा होतात. ते तपासले जातात तेव्हा केंद्र जिवंत असते. ते नुसते शिक्का मारून ठेवले जातात तेव्हा तेच केंद्र अर्ज स्वीकारण्याची खिडकी होऊन बसते. मी दोन्ही प्रकारची केंद्रे पाहिली आहेत, आणि दोहोंतील अंतर इमारतीचे नव्हते.

दूरचित्रवाणी आणि उपग्रह यांच्या पर्वाविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे राष्ट्रव्यापी वर्ग दूरदर्शनवर दिसू लागले. पुणे विद्यापीठाच्या केंद्रानेही त्यासाठी चित्रफिती केल्या, त्यांतील काही आजही पाहण्याजोग्या आहेत. परंतु कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीतून, वेळ कचेरी आणि कॉलेजची, आणि प्रश्न विचारावयाचा कोणाला, याचे उत्तर नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह अवकाशात गेला, त्याच्या प्रायोगिक टप्प्यात नाशिकचे मुक्त विद्यापीठही सहभागी होते, आणि तेथे दूरच्या केंद्रातून प्रश्न विचारण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झाली. पण त्यासाठी विद्यार्थ्याने ठरल्या वेळी ठरल्या केंद्रावर जाणे भाग होते, आणि मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला नेमके तेच साधत नाही.

आता ॲपांच्या पूर्वपीठिकेकडे येतो. जगातील असंख्य विद्यापीठांत आज वापरली जाणारी मूडल ही प्रणाली २००२ साली मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने प्रसिद्ध केली आणि सर्वांस विनामूल्य खुली ठेवली. या माणसाचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात गेले होते आणि त्याचे प्राथमिक शिक्षण शॉर्टवेव्ह रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत झाले होते. त्या शाळेत रेडिओ नुसता ऐकावयाचा नसे. मुलाने आपल्या घरच्या यंत्रावरून शिक्षकास प्रत्युत्तर द्यावयाचे असे. मूडलमध्ये पाठाइतकेच महत्त्व चर्चापीठाला आणि परत मिळणाऱ्या अभिप्रायाला आहे, याचा उगम मला त्या दूरच्या रेडिओवरील बालकाच्या अनुभवात दिसतो, आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासातील ही एक हृद्य साखळी वाटते. पुढे २००८ च्या जुलैत ॲपल कंपनीचे ॲप-भांडार उघडले. त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सास प्रांतातल्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना आयफोन किंवा आयपॉड टच वाटले, आणि स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी रचलेल्या ॲपमध्ये विद्यापीठाचा नकाशा व अभ्यासक्रमांची यादी खिशात आली. येथून विद्यापीठाचे ॲप ही वस्तू रूढ झाली.

महाराष्ट्रात याच सुमारास निराळी पायाभरणी चालली होती. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटीच्या द्वारे तालुक्यातालुक्यांत संगणकाची ओळख करून दिली आणि विद्यापीठांचे प्रवेश, परीक्षा व निकाल यांचे दप्तर संगणकावर आणण्याचे काम अंगावर घेतले. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याची विद्यापीठाशी पहिली डिजिटल भेट झाली ती धड्याच्या निमित्ताने नव्हे, तर परीक्षेचा अर्ज आणि निकाल यांच्या निमित्ताने. १८५७ च्या विद्यापीठाचा परीक्षाप्रधान स्वभावच नव्या साधनात प्रथम उतरला. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट मोठ्या अपेक्षेने पुढे आणला, पण यंत्र मंद आणि त्यामागे शिकविण्याची कोणतीच घडी नाही, अशा स्थितीत ती योजना विरून गेली. खरा पालट २०१६ च्या सप्टेंबरानंतर झाला. जिओच्या आगमनाने डेटाचे दर कोसळले आणि साध्या अँड्रॉइड फोनवर तासभराचे व्याख्यान पाहणे शेतमजुराच्या मुलालाही परवडू लागले. भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी २००३ पासून जमविलेला एनपीटेलचा व्याख्यानसंग्रह, ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते खुले झालेले ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे पाठ्यपुस्तिकांचे ॲप, ही सारी संपत्ती एकाएकी खिशात आली.

‘स्वयम्’च्या रचनेत चार अंगे ठरविलेली आहेत: दृक्श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंकानिरसनासाठी चर्चापीठ. चौथे अंग योजनेत आहे याबद्दल योजकांना धन्यवाद दिले पाहिजेत. तथापि एका अभ्यासक्रमास हजारो विद्यार्थी आणि मागे मोजके साहाय्यक, असे प्रमाण असता ते अंग सर्वांत दुबळे राहावे हे क्रमप्राप्तच होते. २०२१ पासून पदवीच्या श्रेयांकांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा मिळाली आहे. त्या मानाने साहाय्यकांची संख्या वाढविण्याचा हुकूम कोठे निघालेला माझ्या पाहण्यात नाही.

परतीच्या वाटेकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम किती दारुण होतात याचा दाखला मुंबई विद्यापीठानेच घालून दिला. २०१७ च्या उन्हाळ्यात सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला गेला. हेतू वाईट नव्हता: गठ्ठे वाहून न्यावे लागणार नाहीत, बेरजेच्या चुका टळतील, निकाल लवकर लागतील. पण लाखो उत्तरपत्रिका, अपुरी चाचणी आणि पुरेशी पूर्वतयारी न झालेला अध्यापकवर्ग, यांची गाठ पडली. कोणाला पडद्यावर भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका दिसे, कोणाची पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपासून तुटलेली असे. पंचेचाळीस दिवसांत लागावयाचे निकाल महिनोन्‌महिने लांबले, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांच्या जागा धोक्यात आल्या, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाच्या स्थापनेला एकशे साठ वर्षे पुरी झाली तो जुलै महिना असा गेला. या सर्व गदारोळात चर्चा झाली ती निकालाच्या तारखेची. उत्तरपत्रिका पडद्यावर आलीच आहे, तर ती परीक्षकाच्या शेऱ्यांसह विद्यार्थ्याच्या मोबाईलवर आपोआप जावी, ही मागणी मात्र जोराने पुढे आली नाही. साधन हाती असताना दीडशे वर्षांचा जुना शिरस्ता मोडण्याची ती संधी होती.

आणि मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी जाहीर होताच वर्ग एका रात्रीत मोबाईलवर गेले. सभा भरविण्यासाठी तयार झालेली झूम, गूगल मीट ही ॲपे वर्ग झाली; आणि ज्याला कोणीही शैक्षणिक ॲप म्हटले नव्हते ते व्हॉट्सॲप महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे सर्वांत मोठे वर्गदालन ठरले. कोकणातल्या वाड्यांवरची मुले रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून छत्री उघडून बसत. एका घरात एक फोन आणि तीन विद्यार्थी, तोही वडील कामावरून परतल्यावर हाती येणारा, ही स्थिती जागोजागी होती. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की न घ्याव्यात, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षा घेतल्याच पाहिजेत असा निर्णय लागला, आणि शरद ऋतूत राज्यातील विद्यार्थ्यांनी फोनवर पर्यायी उत्तरांवर बोट ठेवून पदवीची परीक्षा दिली. निबंधाचे उत्तर त्या परीक्षेत मावण्याजोगे नव्हते, म्हणून ते गळाले; आणि विचार मांडून लिहिण्याची सवय एका पिढीच्या हातून किती निसटली, हे आज पदव्युत्तर वर्गांना शिकविणारे प्राध्यापक सांगतील.

तरीही त्या काळाकडे मी केवळ हानीचा काळ म्हणून पाहत नाही. शिक्षकाने रात्री साडेदहाला पाठविलेली दीड मिनिटाची ध्वनिफीत, तिच्याखाली विद्यार्थिनीने वहीच्या पानाचा वाकडा फोटो काढून विचारलेली शंका, आणि सकाळी त्याच फोटोवर लाल रेषेने चूक अधोरेखित करून आलेले उत्तर, हा व्यवहार असंख्य गटांत घडला. पत्रद्वारा शिक्षणाला जे साध्य करता आले नाही, ते येथे एका रात्रीत साध्य झाले; आणि ते कोणत्याही परिपत्रकाने नव्हे, तर आपल्या वेळेचा हिशेब न मांडणाऱ्या अध्यापकांनी साधले. त्यांत तासिका तत्त्वावरचे किती तरी होते, ज्यांना त्या तासांचा मोबदला मिळण्याची तरतूदच नव्हती. ही गोष्ट मला कोणत्याही नव्या ॲपच्या उद्घाटनापेक्षा अधिक अभिमानाची वाटते, आणि तितकीच लाजेची.

आजची विद्यापीठीय ॲपे पाहिली तर त्यांत दप्तराचे काम उत्तम होते. प्रवेशपत्र, फीची पावती, उपस्थितीची टक्केवारी, निकाल, आणि डिजिलॉकरमध्ये थेट जमा होणारी पदवी. दाखल्यासाठी गावाहून येऊन कारकुनाच्या मेजापुढे तीन दिवस काढणाऱ्याचा त्रास त्यामुळे वाचला, याचे मोल मी कमी करणार नाही. २०२१ पासून श्रेयांकांची पेढीही सुरू झाली आहे. परंतु ‘शंका विचारा’ असे लिहिलेला चौकोन ज्या ॲपमध्ये आहे, त्यात विचारलेल्या शंकेचे उत्तर किती दिवसांत आणि कोणी द्यावयाचे, याची जबाबदारी ज्या शिक्षकाच्या कार्यभारात तासांनी मोजून लिहिलेली असेल, असे विद्यापीठ मला अद्याप पाहावयाचे आहे. अलीकडे हे काम यंत्राच्या बुद्धीवर सोपविण्याची भाषा ऐकू येते. यंत्र उत्तर देईलही; परंतु एका वर्गातल्या चाळीस जणांना एकच शंका का पडली, आणि त्याअर्थी आपल्या शिकविण्यातच काय राहून गेले, हे शिक्षकाला कळण्याचा मार्ग त्यामुळे बंद होऊ नये.

या इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक चिंता वाटते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध होऊ शकले, कारण कारभाऱ्यांचे जाबसाल कागदावर होते आणि ते कागद कोणीतरी जपले होते. पत्रद्वारा शिक्षणाच्या पुस्तिका आजही रद्दीच्या दुकानात मिळतात. पण ॲपची आवृत्ती बदलली की जुनी नाहीशी होते, कंत्राटाची मुदत संपली की चर्चापीठावरील प्रश्नोत्तरेही तिच्याबरोबर जाण्याचा धोका असतो, आणि विद्यापीठाने काय व कसे शिकविले याचा अस्सल पुरावाच त्यांच्यासह लोपतो. हा मजकूर, नावे वगळून, विद्यापीठाच्या अभिलेखागारात सुपूर्द करण्याचे कलम यापुढील प्रत्येक करारनाम्यात घातले पाहिजे. टाळेबंदीच्या वर्षांपुरते तर आजच करता येण्याजोगे काम आहे: विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी जाहीर आवाहन करून, संबंधितांच्या संमतीने, त्या काळातील वर्गगटांचे संवाद, ध्वनिफिती आणि तपासलेल्या पानांचे फोटो मागवून घ्यावेत, कारण शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या जुन्या फोनमध्ये ते पुष्कळ ठिकाणी अजून शिल्लक आहेत.